घरातला कुत्रा आणि रांगायला लागलेलं बाळ

आजचा विषय ऐकायला छोटा वाटतो, पण आम्हाला येणाऱ्या फोनांमध्ये सगळ्यात जास्त फोन याच विषयाचे असतात. ते साधारण दोन वेळी येतात. एक, बाळ-बाळंतीण माहेराहून घरी यायच्या आदल्या आठवड्यात. दुसरा, बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की. पहिल्या फोनवर माणसं हसत बोलत असतात. "आमचा कुत्रा फार समजूतदार आहे हो, फक्त दोन-चार गोष्टी सांगून ठेवा." दुसऱ्या फोनवर आवाज दबलेला असतो. "काल तो बाळावर गुरगुरला. सासूबाई म्हणतायत, आजच्या आज त्याला कुठेतरी सोडून या."

'कुठेतरी सोडून या' या तीन शब्दांमागे काय असतं ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. सहा-सात वर्षं दिवाणावर झोपलेला कुत्रा एका संध्याकाळी गाडीत बसतो. आनंदानं बसतो, कारण गाडी म्हणजे फिरायला. आणि हायवेवर एखाद्या ढाब्यापाशी उतरवला जातो. आम्ही अशी कुत्री उचलून आणलेली आहेत. ती त्या जागेवरून हलत नाहीत, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत बसतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे असं उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे, पण त्यासाठी पोलीस चौकीत कोणी गेल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही. दुसऱ्या बाजूला, बाळाच्या गालावर टाके पडलेली घरंही आम्ही पाहिली आहेत. त्यामुळे 'कुत्रा म्हणजे निव्वळ देवमाणूस' असं भाषण आज आम्ही करणार नाही. दोघांनाही एका घरात सुरक्षित राहता यावं, यासाठी काय करावं लागतं, एवढंच बोलू.

सुरुवात एका कुत्रीपासून करतो. तिचं नाव चिंगी. गावठी, तपकिरी, सहा वर्षांची. दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको आणि सासूबाई. चिंगी त्या घरातल्या सुनेची. म्हणजे लग्नाआधीपासूनची, तिच्याबरोबर सासरी आलेली. सातव्या महिन्यात सून माहेरी गेली. आपल्याकडे ही रीतच आहे. आता चिंगीच्या बाजूनं बघा. तिचं माणूस एक दिवस बॅग घेऊन गेलं आणि पुढचे पाच महिने आलंच नाही. रोजची सकाळची फेरी बंद झाली, कारण नवऱ्याची शिफ्ट. मग एक दिवस दारात माणसांची गर्दी, आणि ते माणूस परत आलं! चिंगी वेड्यासारखी धावली. तेवढ्यात चारपाच जण ओरडले, "अगं धर तिला, धर धर!" आणि तिला मागच्या बाल्कनीत नेऊन बांधलं. पुढचे तीन महिने हेच चाललं. बाळ बाहेरच्या खोलीत आलं की चिंगी बाल्कनीत. बाळ झोपलं की चिंगी आत, तिचे लाड, तिला बिस्किट, "बिच्चारी गं माझी" वगैरे.

यात कोणी दुष्ट नव्हतं. सगळे काळजीपोटीच वागत होते. पण चिंगी काय शिकली? बाळ आलं की माझं सगळं जातं. बाळ गेलं की सगळं परत मिळतं.

पावलोव्हचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. हा रशियन शरीरशास्त्रज्ञ अभ्यास करत होता पचनाचा. १९०४ साली त्याला नोबेल मिळालं तेही पचनावरच्या कामासाठी. पण काम करताना त्याच्या लक्षात आलं की कुत्र्यांच्या तोंडाला अन्न समोर यायच्या आधीच पाणी सुटतं, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी सुटतं. म्हणजे एका गोष्टीच्या मागोमाग दुसरी गोष्ट नेहमी येत असेल तर पहिलीनंच शरीर तयारीला लागतं. यात कुत्रा विचार करून काही ठरवत नाही, ते आपोआप घडतं. चिंगीच्या घरात बाळाचा आवाज ही चाहूल होती, आणि तिच्या मागोमाग येत होती बाल्कनीची कडी.

म्हणून पहिली गोष्ट ही की हा हिशेब उलटा करायचा. बाळ खोलीत असेल तेव्हाच कुत्र्याला चांगलं काही मिळायला हवं. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, पनीर, शाकाहारी घर असेल तर भाकरीला किंचित तूप लावून, जे त्याला आवडतं ते. त्याचं चघळायचं हाड, त्याच्याशी बोलणं, सगळं बाळाच्या हजेरीत. बाळ झोपलं की जरा कंटाळवाणं होऊ दे. बहुतेक घरांत याच्या नेमकं उलट चालतं. बाळ झोपल्यावरच हात मोकळे होतात, हे आम्हाला कळतं. पण रोज दहा मिनिटं जरी असं जमवलं, एकानं बाळ घ्यायचं आणि दुसऱ्यानं सहा-आठ हात लांब कुत्र्याजवळ बसून त्याला तुकडे द्यायचे, तरी दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. बाळ रडलं की कुत्रा बाळाकडे न बघता तुमच्या हाताकडे बघू लागला, म्हणजे हिशेब फिरला.

आता हे बाळ यायच्या आधी कसं करायचं? आम्हाला विचाराल तर तयारीचा खरा काळ म्हणजे शेवटचे तीन-चार महिने. आणि आपल्याकडे तेव्हा नेमकी कुत्र्याची आवडती व्यक्ती घरात नसते. पण याचा एक फायदाही आहे. जे बदल बाळामुळे होणार आहेत ते बाळ यायच्या बरेच आधी करून टाकता येतात, म्हणजे कुत्रा त्यांचा संबंध बाळाशी जोडत नाही. फेरी पुढे नवरा किंवा आजोबा नेणार असतील तर आतापासूनच त्यांनी न्यावी. झोपायच्या खोलीत पुढे येऊ द्यायचं नसेल तर आतापासूनच दार बंद. पाळणा बांधायचा तर आधी बांधा, त्याचा वास घेऊ दे, कड्यांचा आवाज ऐकू दे. रडण्याचा आवाजही आधी ऐकवता येतो. मोबाइलवर कुणाच्याही बाळाचं रडणं लावा, इतकं हळू की कुत्र्यानं फक्त कान हलवावा, आणि त्याच वेळी खाऊ द्या. दर दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवा. कुत्रा उठून बसला, जीभ फिरवू लागला, कोपऱ्यात गेला की समजा तुम्ही घाई केलीत. परत आवाज कमी.

आवाजाबद्दल एक सांगायला हवं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. आपल्यालाच सहन होत नाही ते रडणं त्याच्या कानाला काय वाटत असेल याचा अंदाज करा.

काही कुत्र्यांना लहान मुलांची भीतीच असते, आणि मालक म्हणतात, "पण आम्ही तर त्याला कधी मारलं नाही." याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या बालपणात असतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचं असताना जगातल्या कुठल्या गोष्टी 'आपल्या' आणि कुठल्या 'परक्या' हे त्याच्या मनात ठसतं. त्या काळात ज्याला माणूस भेटला नाही ते पिल्लू पुढे माणसाला बिचकतं. तसंच, ज्या पिल्लानं फक्त मोठी माणसं पाहिली, त्याच्यासाठी रांगणारं, किंचाळणारं, अचानक आपटणारं हे प्राणी म्हणजे काहीतरी भलतंच. आमच्याकडे येणारी निम्मी कुत्री अशाच घरातली असतात. तरुण जोडपं, दोघंही नोकरीला, घरात मूल कधी आलंच नाही.

माहेराहून परत येण्याचा दिवस. यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण तो दिवस बिघडला की पुढचे दोन महिने निस्तरण्यात जातात.

त्याआधी शक्य असेल तर बाळाचं वापरलेलं दुपटं कोणाच्या तरी हाती पाठवा. ते कुत्र्याच्या नाकावर दाबायचं नाही. खोलीत एका खुर्चीवर ठेवायचं. तो येईल, हुंगेल, निघून जाईल. येवढंच. त्याच्यासाठी ती बाळाची ओळख झाली. आपण चेहऱ्यानं ओळखतो, तो नाकानं.

त्या दिवशी सकाळी त्याला लांब फिरवून आणा, दमू दे. गाडी आली की भाकरतुकडा ओवाळायला उंबऱ्यात सगळे जमतात. हा भाकरतुकडा तर कुत्र्याला वाटतं आपल्यासाठीच आहे. (सभागृहात हशा.) आणि खरंही आहे, शेवटी तो बाहेर कुत्र्यालाच जातो! तर त्या गर्दीत घरचा कुत्रा नको. त्याला शेजाऱ्यांकडे किंवा खाली आवारात कोणीतरी घेऊन थांबावं. ओवाळणं, फोटो, सगळं उरकू दे. मग बाळ आतल्या खोलीत आजीजवळ, आणि आई एकटी बाहेर येऊन कुत्र्याला भेटेल. रिकाम्या हातांनी. पाच महिन्यांचा विरह आहे तो, त्याला उड्या मारू द्या, रडू द्या, चाटू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागतील. तो शांत झाला, जमिनीवर बसला, की मग बाळ बाहेर. पट्टा लावलेला असावा पण सैल. पट्टा ताणला की कुत्र्यालाही ताण कळतो. लांबून बघू दे. जवळ नेऊन "बघ बघ, तुझा भाऊ आला" असं करत बाळाचा चेहरा त्याच्या तोंडाशी धरायची काही गरज नाही. हे इतक्या घरांत होतं की सांगायची सोय नाही, आणि हे सगळं व्हिडिओसाठी चालतं.

पहिले पाच-सहा महिने बरेचसे सोपे असतात. बाळ एका जागी असतं. मालीशवाल्या बाई येतात, वेखंड-ओव्याची धुरी होते, कुत्रा त्या धुरानं शिंकत दुसऱ्या खोलीत जातो. घरच्यांना वाटतं, झालं, जमलं. फोटोंचा पूर येतो.

आणि मग बाळ रांगायला लागतं.

कुत्र्याच्या दृष्टीनं ही अगदी नवीन वस्तू आहे. आतापर्यंत जे गाठोडं आवाज करायचं, ते आता जमिनीवरून थेट त्याच्याकडे येतं. डोळ्यांत डोळे घालून येतं. कुत्र्यांच्या रीतीत असं समोरून, टक लावून येणं म्हणजे धमकी. सभ्य कुत्रा कडेनं, वळसा घेऊन येतो. शिवाय बाळ मुठीत केस धरतं आणि सोडत नाही. त्याला सोडता येत नाही, तो त्याचा दोष नाही. कुत्र्याचं ताट, त्याची जागा, त्याचं हाड, यांपैकी काहीच आता त्याचं उरत नाही. आणि तोवर तो म्हातारा व्हायला लागलेला असेल, कंबर दुखत असेल, कानात संसर्ग असेल. दुखणारा कुत्रा लपवतो. म्हणून बाळ रांगायला लागायच्या सुमारास कुत्र्याला एकदा पशुवैद्याकडे नेऊन सांधे, दात, कान तपासून घ्या. 'स्वभाव बिघडला' म्हणून आलेल्या कुत्र्यांमध्ये खरं कारण दुखणं निघाल्याचं आम्ही अनेकदा पाहिलंय.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमची लेक तेव्हा दहा महिन्यांची. आमचा राजा आठ वर्षांचा. आम्ही तेव्हा लोकांच्या कुत्र्यांना बस-ऊठ शिकवायचो आणि आपल्याला सगळं कळतं असं समजायचो. एक दिवस लेक राजाच्या मागे मागे रांगत स्वयंपाकघरात गेली आणि तो गुरगुरला. आम्ही दोघंही ओरडलो, वर्तमानपत्राची गुंडाळी ओट्यावर आपटली. राजा शेपूट घालून गेला. दोन-तीनदा असं झालं, मग गुरगुरणं बंद. आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, "एकदाच समजावलं, कळलं त्याला." महिन्याभरानं दुपारी त्यानं लेकीच्या चेहऱ्यावर झडप घातली. भुवईखाली दाताचा ओरखडा. टाके पडले नाहीत, डोळा वाचला. लस, इंजेक्शनं, सगळं केलं. डॉक्टरांना आम्ही सांगितलं, "काहीच कारण नसताना, काही न सांगता चावला हो."

त्या संध्याकाळी लक्षात आलं की चावायच्या जरा आधीच आम्ही तिचा व्हिडिओ काढला होता, आजोबांना पाठवायला. तो परत पाहिला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. लेक हसत त्याच्या अंगावर झुकते. राजा तोंड फिरवतो. ती कान धरते. तो ओठांवरून जीभ फिरवतो. ती मान त्याच्या मानेवर ठेवते, मागून आमचा आवाज येतो, "अले वा, पापी दे त्याला." राजा जांभई देतो. मग त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो आणि त्याचं अंग दगडासारखं स्थिर होतं. तिथे व्हिडिओ संपतो. तो अर्धा मिनिट बोलत होता. आम्ही कॅमेरा धरून उभे होतो.

गुरगुरणं हे त्याचं शेवटचं स्पष्ट वाक्य होतं, आणि ते आम्हीच बंद करून टाकलं होतं.

नॉर्वेतल्या टुरिड रुगास या प्रशिक्षकबाईंनी या बारीक खुणांवर बरंच लिहिलंय: तोंड फिरवणं, जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, जमीन हुंगू लागणं. ब्रिटनमधल्या केंडल शेफर्ड या पशुवैद्य, त्यांनी हे शिडीच्या रूपात मांडलं. खालच्या पायऱ्यांवर जांभई, नाक चाटणं, मान वळवणं; मग उठून जाणं, अंग चोरणं; मग ताठरणं, टक लावणं; मग गुरगुरणं, हवेत तोंड मारणं आणि सगळ्यात वर चावा. खालच्या पायऱ्यांवर कोणी ऐकलं नाही की कुत्रा वर चढतो. आणि वरच्या एखाद्या पायरीला मार बसतो असं कळलं, तर ती पायरी गाळून तो पुढची गाठतो. म्हणून गुरगुरल्यावर ओरडायचं नाही. बाळाला शांतपणे उचलायचं, कुत्र्याला जायला वाट द्यायची, आणि मग स्वतःला विचारायचं की त्याच्या आधीच्या चार खुणा आपल्या का चुकल्या.

यावर हमखास एक आक्षेप येतो. "असं केलं तर तो डोक्यावर बसेल, त्याला घरात आपणच राजे आहोत असं वाटेल. त्याला त्याची पायरी दाखवलीच पाहिजे." या समजुतीचा उगम मजेशीर आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिवासातल्या लांडग्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. एका कुंपणात कोंबलेले लांडगे, त्यांच्यात मारामाऱ्या, वरचढपणा. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकानं १९७० च्या आपल्या पुस्तकात ती कल्पना घेतली आणि ती जगभर पसरली. पुढे मेक यांनीच रानातल्या लांडग्यांबरोबर अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. पुढारीपण मारामारी करून मिळवलेलं नसतं, ते आईबापांचं असतं. आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते प्रकाशकांच्या मागे लागले होते. पुस्तक मागे पडलं, पण कुत्र्याला उताणा दाबून धरणारे प्रशिक्षक अजून फी घेतायत.

बरं, मग प्रत्यक्षात करायचं काय? सगळ्यात आधी कुत्र्याला अशी एक जागा द्या जिथे बाळ पोचूच शकणार नाही. मोठ्या घरात दाराला जाळीचं छोटं फाटक लावता येतं, जिन्याला लावतात तसलं. एका खोलीच्या घरात? आम्ही चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही हे केलंय. दिवाणाची एक बाजू प्लायनं बंद करून खाली कुत्र्याची गोधडी, आणि कुत्रा ओलांडू शकेल पण बाळ ओलांडू शकणार नाही एवढी फळी. तिथे तो गेला की त्याच्या वाट्याला कोणी जायचं नाही, पाहुण्यांनी पण नाही. शिक्षा म्हणून तिथे पाठवायचं नाही. आणि बाळ पोचेल अशा जागी कुत्र्याला बांधून कधी ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्याला उठून जायची पायरी उरत नाही, मग तो थेट वरच्या पायऱ्यांवर जातो.

दुसरं, लक्ष ठेवणं म्हणजे त्याच खोलीत असणं नव्हे. मोबाइल बघत सोफ्यावर बसलेला बाबा लक्ष ठेवत नसतो. हात पोचेल इतकं जवळ आणि डोळे कुत्र्याच्या चेहऱ्यावर. तेवढं जमणार नसेल, फोन आला, दूध उतू जातंय, दारावर कुरिअर आलंय, तर उठतानाच दोघांपैकी एकाला बरोबर घेऊन उठा. बाळाला कडेवर नाही तर कुत्र्याला आत. आमच्या घरी राजाच्या प्रकरणानंतर हा नियम इतका मुरला की आजही आम्ही चहाचं भांडं बघायला उठताना कुत्र्याला हाक मारतो.

खाताना आणि झोपताना कुत्र्याजवळ बाळ नको, यावर वाद घालायला जागाच नाही. झोपलेल्या कुत्र्याला हात लावून नाही, लांबून नाव घेऊन उठवायचं.

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की त्याला शिकवायला सुरुवात करता येते. पण त्याच्या शिकण्यावर भिस्त ठेवू नका. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइन्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना कुत्र्यांच्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली, तेव्हा दात दाखवून गुरगुरणारा कुत्रा पाहून अनेक छोट्या मुलांना तो हसतोय असं वाटलं. त्यांच्या हिशेबानं दात दिसले म्हणजे हसू! तेव्हा मुलाला शिकवायचं ते सोपं: भूभू झोपला की हात नाही, भूभू जेवतोय की हात नाही, भूभू निघून गेला तर मागे जायचं नाही. हात लावायचा तर तो त्याला बोलवायचा, आपण त्याच्याकडे जायचं नाही. डोक्यावर थापट्या नाहीत. छातीवर नाहीतर खांद्यावर उघड्या हातानं. एक, दोन, तीन मोजायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्रा आणखी जवळ सरकला तर त्याला हवंय. तोंड फिरवलं, उठला, तर पुरे. हा 'एक-दोन-तीन'चा खेळ मुलांना फार आवडतो, आणि मोठ्यांनाही यातून पहिल्यांदाच कळतं की आपल्या कुत्र्याला आपले लाड नेहमी हवेच असतात असं नाही.

आरोग्याचं थोडक्यात. कुत्र्याची रेबीजची लस दर वर्षी, जंतांचं औषध आणि गोचिडांवरचा उपाय पशुवैद्य सांगतील त्या वेळापत्रकानं. चावा किंवा नुसता दाताचा ओरखडा, रक्त आलं असो वा नसो, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, यांतलं काही भरायचं नाही. मग लगेच डॉक्टर. लसीचा पहिला डोस त्याच दिवशी, आणि पुढचे डोस त्यांनी दिलेल्या तारखांना, एकही न चुकवता. रक्त आलं असेल, चेहऱ्यावर चावा असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते आठवणीनं विचारा. 'घरचाच आहे, लस दिलेली आहे' म्हणून आपल्या मनानं निर्णय घ्यायचा नाही.

आजीबाईंचा दम्याचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. २०१५ साली स्वीडनमधल्या लाखो मुलांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात असं दिसलं की पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षाच्या आसपास दम्याचं प्रमाण थोडं कमीच होतं. म्हणून दमा होऊ नये यासाठी कुत्रा आणा असं नाही. पण केसांच्या भीतीनं असलेला कुत्रा काढून टाकायचंही कारण नाही. बाळाला खरंच त्रास दिसला तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, आम्हाला नको.

आणि काही घरांत हे जमत नाही. कुत्रा एकदा खोल चावला असेल, घरात कायम लक्ष ठेवणारं मोठं माणूस नसेल, कुत्रा दिवसभर थरथरत कोपऱ्यात बसत असेल, तर मुलं नसलेलं, माहितीतलं दुसरं घर शोधणं हेच त्याच्यावर प्रेम असू शकतं. अशी दोन-तीन घरं आम्हीच लावून दिली आहेत. त्याला वेळ लागतो, पंधरा दिवस, महिना. तोपर्यंत जाळी, फळी, पाळी. ढाब्यापाशी उतरवायला अर्धा तास लागतो, म्हणून तो मार्ग सोपा वाटतो.

चिंगीचं काय झालं हे सांगायचं राहिलं. सासूबाईंना आम्ही पहिल्या दिवशी एवढंच म्हणालो, "तिला हाकलायचं की ठेवायचं ते महिन्यानं ठरवा, तोवर रोज बाळ तुमच्या मांडीवर असताना तिला भाकरीचा तुकडा तुम्हीच टाका." सून नाही, सासूबाईच. त्या कुरकुरल्या. पण त्यांनी टाकला. आठवड्यानं चिंगी बाळाची चाहूल लागली की बाल्कनीच्या दाराकडे जायच्या ऐवजी सासूबाईंच्या खुर्चीजवळ येऊन बसू लागली, चार हात लांब. दीड महिन्यानं फोन आला, सासूबाईंचाच. "ती आता मी मांडीवर बाळ घेतलं नाही तरी येऊन बसते. तिला सांगा ना काहीतरी, माझी अर्धी भाकरी खाते रोज."

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: मूल कितव्या वर्षापासून कुत्र्याजवळ एकटं सोडायचं? आमच्या लेकीला आम्ही दहाव्या वर्षापर्यंत सोडलं नव्हतं. वय मोजण्यापेक्षा एक गोष्ट बघा. कुत्र्यानं तोंड फिरवलं की सांगायच्या आधीच मूल हात काढून घेतं का? आठवडाभर नुसतं बसून बघा. एकदाही चुकलं तर अजून थांबा.